नऊ मेगावॅटवर विझलेली भट्टी: हॅनफर्डचे झेनॉन प्रकरण आणि अणुऊर्जेचे आंतरशाखीय प्रशिक्षण

अणुऊर्जेच्या अभ्यासक्रमात ‘झेनॉन विषबाधा’ (विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, तयार झालेले झेनॉन न्यूट्रॉन गिळते आणि साखळी प्रक्रिया मंदावते) हा धडा सहसा अणुभट्टी-भौतिकीच्या पेपरात येतो. दोन अवकल समीकरणे, एक आलेख, परीक्षेला सात गुणांचा प्रश्न, आणि विषय संपतो. ज्या घटनेमुळे तो अभ्यासक्रमात आला, ती मात्र एका शाखेची नव्हतीच. तिच्यात विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होते, एका रसायन कंपनीचे अभियंते होते, किरणोत्सारी रसायनाचे मोजमाप होते, आणि चालकांचे असे प्रशिक्षण होते ज्यात नेमकी हीच गोष्ट कुणाला दिसण्यासारखी नव्हती. म्हणून हे प्रकरण इथे आधी घडले तसे, मग आकड्यांनी, आणि शेवटी मिश्र वर्गात चालवायच्या सरावाच्या रूपात मांडले आहे.

परिस्थिती

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली एन्रिको फर्मी यांच्या गटाने पहिली स्वयंपोषी साखळी प्रक्रिया घडवली. त्या दिवशीची शक्ती होती अर्धा वॅट. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड येथे प्लुटोनियम बनवण्यासाठी उभारायच्या बी भट्टीची आराखड्यातली शक्ती होती २५० मेगावॅट, म्हणजे पन्नास कोटी पट. काम युद्धाचे होते आणि उद्देश अण्वस्त्राचा होता; ते लपवून हे प्रकरण शिकवू नये. पण त्यातले भौतिक आणि अभियांत्रिकी आजच्या प्रत्येक वीज देणाऱ्या भट्टीतही तेच आहे.

आराखडा दोन ठिकाणी घडत होता. शिकागो विद्यापीठाच्या मेटलर्जिकल लॅबोरेटरीत यूजीन विग्नर यांच्या गटाने पाण्याने थंड होणाऱ्या ग्रॅफाइट भट्टीचे गणित मांडले. बांधकाम आणि चालवण्याची जबाबदारी ड्यू पाँट या रसायन कंपनीकडे होती. दोन्हींमधला दुवा होते क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट, शिक्षणाने रासायनिक अभियंते. जॉन व्हीलर हे भौतिकशास्त्रज्ञ शिकागोहून आधी ड्यू पाँटच्या विल्मिंग्टन कार्यालयात आणि पुढे १९४४ मध्ये हॅनफर्डला गेले. ही बदली फार महत्त्वाची ठरली.

शिकागोच्या आराखड्यात ग्रॅफाइटच्या ठोकळ्यातून आडव्या जाणाऱ्या १५०० ॲल्युमिनियम नळ्या होत्या, त्यांची मांडणी वर्तुळाकार. नळीत युरेनियमच्या कांड्या आणि त्यांभोवती वाहते पाणी. ड्यू पाँटच्या अभियंत्यांनी, विशेषतः जॉर्ज ग्रेव्ह्ज यांनी, कोपऱ्यांतली रिकामी जागा भरून आणखी ५०४ नळ्यांची सोय करायला लावली. एकूण २००४. शिकागोच्या काही भौतिकशास्त्रज्ञांना हा नुसता उशीर आणि उधळपट्टी वाटली. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता: कोपऱ्यात न्यूट्रॉन विरळ असतात, तिथली नळी मधल्या नळीच्या मानाने फारच कमी कामाची. ग्रेव्ह्ज यांच्याकडेही ‘अमुक कारणासाठी’ असे ठोस उत्तर नव्हते. रसायन कारखान्यात नवी प्रक्रिया उभारताना अज्ञातासाठी वाव ठेवायचा, ही त्यांच्या धंद्याची सवय. व्हीलर यांना मात्र एक शंका होती. विखंडनातून निघणाऱ्या शेकडो तुकड्यांपैकी एखादा न्यूट्रॉन अफाट प्रमाणात गिळणारा निघाला तर? या प्रश्नावर ते १९४२ पासून विचार करत होते.

इथे एक बारकावा चुकवू नये. भोके वाढवण्याचा निर्णय आधी घ्यावा लागतो, नंतर नाही. ग्रॅफाइटचे ठोकळे रचण्यापूर्वी कोरावे लागतात, पुढच्या-मागच्या जाड संरक्षक भिंतींत प्रत्येक नळीची वाट ठेवावी लागते, पाण्याच्या मुख्य वाहिन्या त्या हिशोबाने टाकाव्या लागतात. भट्टी एकदा चालली की समोरची भिंत कोरण्याचा प्रश्नच उरत नाही. युरेनियम मात्र नंतरही भरता येते. म्हणजे अज्ञातासाठीचा वाव धातूकामात ठेवला, इंधनात नाही. आणि वाव ठेवायची ती स्वस्त जागा होती.

प्रशिक्षण कुठे झाले

हॅनफर्डचे चालक टेनेसीतल्या एक्स-१० ग्रॅफाइट भट्टीवर तयार झाले. ४ नोव्हेंबर १९४३ रोजी क्रिटिकल झालेली (साखळी प्रक्रिया स्वतःहून चालू राहू लागलेली) ही भट्टी ड्यू पाँटने बांधली आणि शिकागो विद्यापीठाने चालवली. विद्यापीठ आणि उद्योग यांनी मिळून चालवलेली प्रशिक्षण-भट्टी म्हणून तिचे उदाहरण आजही देता येते. इंधन भरणे, नियंत्रक दांडे (न्यूट्रॉन शोषून शक्ती आवरणारे) हलवणे, किरणोत्सर्गाची मोजणी, वापरलेल्या कांड्या हाताळणे, रासायनिक विलगीकरण हे सगळे तिथे शिकता आले. विलगीकरणाचा छोटा कारखाना तर हॅनफर्डच्या मोठ्या कारखान्याची बरीच विश्वासू प्रतिकृती होता.

भट्टी मात्र तशी नव्हती. एक्स-१० हवेने थंड होई, हॅनफर्डची पाण्याने. एक्स-१०ची शक्ती एकेरी आकड्यातले मेगावॅट, हॅनफर्डची अडीचशे. न्यूट्रॉन फ्लक्स, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला जाणारे न्यूट्रॉन, कमी असल्यामुळे झेनॉनचा परिणाम तिथे एवढा लहान राहत होता, की तापमानाचे आणि हवेच्या दाबाचे रोजचे चढउतार त्याला सहज झाकू शकत. हवेतला नायट्रोजन न्यूट्रॉन शोषतो, म्हणून हवेने थंड होणारी भट्टी वायुदाबमापकाबरोबर हलते. अशा भट्टीवर कुणी ‘आज रिअॅक्टिव्हिटी जरा कमी आहे’ (म्हणजे साखळी प्रक्रिया वाढवत नेण्याची भट्टीची शिल्लक क्षमता कमी आहे) असे नोंदवले, तर त्याला दहा कारणे सापडतात.

काय घडले

१३ सप्टेंबर १९४४ रोजी फर्मी यांनी बी भट्टीत पहिली कांडी घातली. २६ सप्टेंबरच्या रात्री ९०१ नळ्या भरलेल्या असताना शक्ती चढवायला सुरुवात झाली आणि मध्यरात्रीनंतर ती ९ मेगावॅटवर स्थिर केली. आराखड्याच्या चार टक्क्यांहून कमी. सुरुवातीचे काही तास सगळे सुरळीत होते. मग शक्ती टिकवण्यासाठी नियंत्रक दांडे थोडे बाहेर काढावे लागले, नंतर आणखी थोडे. दांडे संपले. २७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत भट्टी आपोआप विझली.

पहिले संशय अगदी स्वाभाविक होते. नळी गळून पाणी ग्रॅफाइटमध्ये शिरले असेल. नदीच्या पाण्यातून बोरॉनसारखे शोषक नळ्यांवर साचले असेल. पण २८ तारखेला पहाटे भट्टी स्वतःहून पुन्हा जिवंत झाली. सकाळी ती परत ९ मेगावॅटवर नेता आली, आणि बारा-एक तासांनी पुन्हा घसरू लागली.

निदान इथेच दडले आहे. गळती आपोआप भरून निघत नाही. साचलेले बोरॉन रात्रीतून धुऊन जात नाही. उपकरण भरकटले असते तर ते एकाच दिशेला भरकटले असते. चालवले की वाढते आणि बंद केले की ओसरते, असे वागणारी वस्तू एकच: विखंडनातून तयार होणारे आणि किरणोत्साराने नष्ट होणारे विष. आणि परिणाम लगेच न दिसता काही तासांनी दिसतो, याचा अर्थ विष थेट जन्मत नाही, त्याचा एक ‘जनक’ आधी साठतो. उतरण्याच्या आणि सावरण्याच्या वेळांवरून व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनक आणि अपत्य यांची अर्धायुष्ये आजमावली आणि ती विखंडन-उत्पादनांच्या तक्त्याशी ताडून पाहिली. जोडी सापडली: आयोडीन-१३५, अर्धायुष्य सुमारे ६.६ तास, आणि त्यातून जन्मणारे झेनॉन-१३५, सुमारे ९.१ तास.

तो तक्ता आयता मिळाला, कारण किरणोत्सारी रसायनाच्या लोकांनी तो आधी करून ठेवला होता. बर्कलीत चिएन-शिउंग वू यांचे १९४०चे पीएचडीचे काम युरेनियमच्या विखंडनातून निघणाऱ्या झेनॉनच्या समस्थानिकांवरही होते. भट्टी बांधायची म्हणून ते कुणी केले नव्हते. संशोधनाचे पैसे मागताना ‘याचा उपयोग काय’ या प्रश्नाला उत्तर म्हणून हे उदाहरण ठेवावे, असे आम्हांला वाटते.

पडताळणी शिकागोजवळच्या आर्गोन येथील जड पाण्याच्या सीपी-३ भट्टीवर वॉल्टर झिन यांनी केली. भट्टी कित्येक तास पूर्ण शक्तीवर चालवली आणि तोच परिणाम दिसला. इतके दिवस तो कुणी पाहिला नव्हता, कारण भट्टी इतका वेळ सलग पूर्ण शक्तीवर चालवण्याची गरज पडली नव्हती.

उपाय साधा होता, पण केवळ १९४३ मध्ये भोके ठेवली होती म्हणून. नळ्या टप्प्याटप्प्याने भरत नेल्या आणि डिसेंबर १९४४ मध्ये सर्व २००४ नळ्या भरून भट्टी चालू झाली. त्यापुढे ती आराखड्याच्या शक्तीपर्यंत नेता आली.

आकडे

सराव घेणाऱ्याने हे गणित स्वतः एकदा हाताने करावे. न्यूट्रॉन फ्लक्ससाठी आपली मोजणी सोयीची आहे: दर चौरस सेंटीमीटरला दर सेकंदाला ‘लाख कोटी’ न्यूट्रॉन, म्हणजे एकावर बारा शून्ये.

झेनॉन-१३५ चा मंद न्यूट्रॉनसाठीचा शोषण क्रॉस सेक्शन (न्यूट्रॉन गिळण्याच्या शक्यतेचे माप) सुमारे २६.५ लाख बार्न आहे. तुलनेसाठी, युरेनियम-२३५ चा सुमारे ६८० बार्न आणि बोरॉन-१० चा सुमारे ३८४० बार्न. एक बार्न म्हणजे एका चौरस सेंटीमीटरचे, एकावर चोवीस शून्ये एवढे भाग केले तर त्यातला एक. शंभर विखंडनांमागे आयोडीन-१३५ मार्गे आणि थेट मिळून साधारण साडेसहा झेनॉन-१३५ जन्मतात.

झेनॉन दोन वाटांनी संपते: स्वतः क्षय होऊन किंवा न्यूट्रॉन गिळून. दोन्ही वाटा सारख्या रुंद कधी होतात? क्षयाचा स्थिरांक (सेकंदाला सुमारे ०.००००२१) भागिले क्रॉस सेक्शन. उत्तर येते सुमारे ८ लाख कोटी. हा आकडा पाठ असावा, कारण बाकी सगळे त्याच्या तुलनेत ठरते. समतोल विष (झेनॉनचा जन्म आणि नाश सारखे झाल्यावर साठून राहणारे) म्हणजे कमाल विष गुणिले ‘फ्लक्स भागिले (फ्लक्स अधिक ८)’. नैसर्गिक युरेनियम आणि ग्रॅफाइटसाठी कमाल विष ढोबळमानाने असे निघते: ६.५ टक्के, गुणिले ०.५५ (युरेनियममधल्या शोषणांपैकी विखंडनाचा वाटा), गुणिले ०.९ (एकूण शोषणांत युरेनियमचा वाटा), म्हणजे सुमारे ३.२ टक्के रिअॅक्टिव्हिटी.

आता फ्लक्स बदलून पाहा. ०.१ लाख कोटीला समतोल विष ०.०४ टक्के, १ लाख कोटीला ०.३६, ८ ला १.६ आणि ५० ला २.८ टक्के. पाच वॅटच्या शैक्षणिक भट्टीत फ्लक्स दहा कोटींच्या घरात असतो. तिथे हा परिणाम मोजण्याच्या पलीकडे लहान. दहा वर्षे रोज चालवली तरी दिसणार नाही.

बी भट्टीत ९ मेगावॅटला फ्लक्स किती होता? ९०१ नळ्या, नळीत साधारण ३२ कांड्या, कांडी साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास १०० टन युरेनियम. एका वॅटला सेकंदाला सुमारे ३१०० कोटी विखंडने, आणि नैसर्गिक युरेनियमच्या अणूमागे प्रभावी विखंडन क्रॉस सेक्शन ३.५ बार्न धरला, तर सरासरी फ्लक्स येतो ०.३ लाख कोटी. मध्यभागी त्याच्या काही पट. समतोल विष सरासरी फ्लक्सवर ०.१२ टक्के, मध्यभागाचे वजन धरून कदाचित दुप्पट. आणि सतराएक तासांत समतोलाच्या ४५ टक्केच झेनॉन साठते. म्हणजे भट्टी विझली ती जेमतेम एक दशांश टक्क्याच्या शोषणाने! हे कळल्यावर वर्गात नेहमी प्रश्न येतो: एवढे थोडे विष पुरले कसे? उत्तर विषात नाही, शिलकीत आहे. ९०१ नळ्यांवर भट्टीकडे वरकड रिअॅक्टिव्हिटी फारच तुटपुंजी होती.

२५० मेगावॅट आणि २००४ नळ्यांना तोच हिशेब केला तर सरासरी फ्लक्स ४ लाख कोटींच्या जवळ येतो आणि विष एक ते दीड टक्का. याला पुरी पडणारी शिलक कुठून आली? दोन नळ्यांतले अंतर ८ पूर्णांक ३/८ इंच, स्थलांतर क्षेत्रफळ (शोषला जाईपर्यंत न्यूट्रॉन किती दूर भटकतो याचे माप) ७०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास आणि परावर्तनाची भर (कडेच्या ग्रॅफाइटवरून परत येणाऱ्या न्यूट्रॉनमुळे त्रिज्येत धरायची वाढ) ५० सेंटीमीटर धरून त्रिज्येच्या दिशेची न्यूट्रॉनची गळती काढा. ९०१ नळ्यांना ती सुमारे २.४ टक्के, १५०० ना १.५, २००४ ना १.२. म्हणजे शेवटच्या ५०४ नळ्यांची कमाई फक्त एक तृतीयांश टक्का. टीकाकार म्हणत होते तसेच: कोपऱ्यातल्या नळ्या कमी कामाच्या. पण १५०० नळ्यांनंतर उरणारी तूटही नेमकी तेवढ्याच मापाची होती. हे ढोबळ गणित आहे, खऱ्या भट्टीत तापमानाचे परिणामही येतात. तरी दोन्ही आकडे एकाच मापाचे निघतात, ही गोष्ट विद्यार्थ्याला स्वतःच्या वहीत दिसली पाहिजे.

वेळेचा हिशेब याहून बोलका आहे. कमी फ्लक्सला, शून्यापासून सुरुवात केली तर तीन तासांनी झेनॉन समतोलाच्या फक्त ३ टक्के असते, दहा तासांनी २२ टक्के, सतरा तासांनी ४५. विद्यापीठातले प्रात्यक्षिक सहसा दोन-तीन तासांचे. म्हणजे भट्टी पुरेशी मोठी असली तरी वेळापत्रकच झेनॉन लपवते. प्रशिक्षण-भट्टीचा आंधळा कोपरा असा दुहेरी असतो, फ्लक्सचा आणि तासांचा. आणि दुसऱ्याकडे अभ्यासक्रम आखणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते.

मिश्र वर्गात हे प्रकरण कसे चालवावे

गट चौघांचा: भौतिकी, रसायन, यांत्रिक आणि उपकरण-नियंत्रण अशा शाखांतून एकेक. पाचवा विद्यार्थी पदार्थविज्ञानाचा मिळाला तर उत्तम. वेळ दोन सत्रे, प्रत्येकी तीन तास, मध्ये किमान एक रात्र.

पहिल्या सत्रात घटनेचे नाव सांगू नये. शक्ती, दांड्यांची जागा, पाण्याचे आत-बाहेरचे तापमान आणि दाब यांची दर अर्ध्या तासाची नोंद द्यावी. ही नोंद, आयोडीन आणि झेनॉन किती जन्मते व किती संपते हे सांगणाऱ्या दोन समीकरणांवरून संगणकाने तयार करावी, तीवर थोडा गोंगाट चढवावा, आणि ती बनवलेली आहे हे कागदावरच लिहावे. नोंद भट्टी विझेपर्यंतचीच. गटाने शक्य कारणे मांडायची आणि प्रत्येक कारणापुढे लिहायचे: हे खरे असेल तर पुढच्या बारा तासांत काय दिसेल? मग प्रत्येक गटाला दोनच जादा मोजमापे मागता येतात, जास्त नाही. ही मर्यादा काढली की सराव फसतो; मुले सगळेच मागतात आणि विचार थांबतो.

भट्टी आपोआप सावरल्याची नोंद सत्राच्या शेवटच्या अर्ध्या तासात द्यावी. यांत्रिकचे विद्यार्थी गळतीला शेवटपर्यंत धरून बसतात. सावरण्याचा आलेख पाहून त्यांनी स्वतः ती सोडली पाहिजे, शिक्षकाने खोडू नये. भौतिकीचे विद्यार्थी उलट चूक करतात. त्यांना झेनॉन आधीच माहीत असते, म्हणून ते नाव उच्चारून मोकळे होतात. त्यांना एकच विचारावे: झेनॉनच का, समॅरियम-१४९ का नाही? (समॅरियम हेही न्यूट्रॉन गिळणारे विखंडन-उत्पादन, पण ते स्थिर आहे. भट्टी बंद केल्यावर ते ओसरत नाही, उलट प्रोमेथियमच्या क्षयातून थोडे वाढते.) नाव माहीत असणे आणि निदान करणे यांतले अंतर इथे उघड होते.

मधल्या रात्री प्रत्येकाने दोन समीकरणांचे गणित करून आणायचे, आणि भूमिका उलटायच्या: न्यूट्रॉनचा हिशेब रसायनाच्या विद्यार्थ्याने, अर्धायुष्ये आलेखावरून काढण्याचे काम यांत्रिकच्या विद्यार्थ्याने. साधी पायरी-पायरीची पद्धत आणि ६०० सेकंदांची पायरी पुरते. सरसकट होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. क्षयस्थिरांक तासांत आणि फ्लक्स सेकंदांत, ही पहिली. तिने उत्तर ३६०० पटींनी बिघडते आणि तरी आलेख ‘बरा’ दिसतो. बार्नचे चौरस सेंटीमीटर करताना शून्ये चुकणे, ही दुसरी. पहिल्याच तासाला समतोल सूत्र वापरणे, ही तिसरी आणि सर्वांत फसवी, कारण सूत्र बरोबर असते, वेळ चुकलेली असते. फ्लक्स फार मोठा घेतला तर ६०० सेकंदांची पायरीही जड पडते. ५० लाख कोटीला झेनॉनचा एकूण नाशदर सेकंदाला ०.०००१५, म्हणजे एका पायरीत ९ टक्के. तिथे पायरी ६० सेकंदांवर आणावी.

उत्तर तपासायला एक खूण: ५० लाख कोटी फ्लक्सवर समतोलात असलेली भट्टी एकदम बंद केली, तर झेनॉन कमी न होता वाढते. शिखर सुमारे ९.३ तासांनी, समतोलाच्या २.६ पट, आणि ते मूळ पातळीवर परत यायला एकंदर ३३ तास लागतात. वरच्या ३.२ टक्के कमाल विषाच्या हिशोबाने शिखराला ७ टक्क्यांहून अधिक रिअॅक्टिव्हिटी हवी. ती नसेल तर भट्टी दीड दिवस चालू होणार नाही. कारण उघड आहे: बंद भट्टीत न्यूट्रॉन नाहीत, म्हणून झेनॉन जाळणारी वाट बंद, पण आयोडीनचा साठा झेनॉन ओततच राहतो.

दुसऱ्या सत्राचा पहिला तास या गणिताला. उरलेले दोन तास १९४३च्या प्रश्नाला द्यावेत: अजून काही माहीत नाही, १५०० नळ्या गणिताने पुरेशा आहेत, ५०४ वाढवल्या तर वेळ आणि पैसा जातो. वाढवायच्या का? नंतर काय झाले हे सगळ्यांना ठाऊक असल्याने वर्ग एकमुखाने ‘हो’ म्हणतो, आणि चर्चा मरते. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न वळवणे: वाढवायच्या असतील तर ५०४च का, १०० किंवा १००० का नाहीत? ज्या अज्ञाताचे मापच माहीत नाही त्यासाठी वाव किती ठेवायचा? हॅनफर्डला उत्तर भूमितीने दिले: चौकोनी ठोकळ्यात वर्तुळ बसवल्यावर कोपरे मोकळे होतेच. पुढच्या प्रकल्पात असे आयते कोपरे असतीलच असे नाही.

जिथे संशोधन-भट्टी उपलब्ध आहे

ट्रिगा या नावाच्या संशोधन-भट्टीसारखी २५० किलोवॅट किंवा त्याहून मोठी भट्टी असेल तर झेनॉन प्रत्यक्ष मोजता येते, आणि तेच करावे. शुक्रवारी संध्याकाळी भट्टी बंद, सोमवारी सकाळपर्यंत ६४ तास. जुने झेनॉन समतोलाच्या दोन-तीन टक्क्यांवर येते. सोमवारी सकाळी दहा वॅटला क्रिटिकल करून दांड्यांच्या जागा आणि टाकीचे तापमान नोंदवावे. मग आठ तास पूर्ण शक्तीवर, दर अर्ध्या तासाला दांड्याची नोंद. मंगळवारी सकाळी पुन्हा दहा वॅटला क्रिटिकल, आणि दांड्यांच्या जागांतला फरक त्यांच्या अंशांकन-वक्रावरून (दांडा किती हलला तर रिअॅक्टिव्हिटी किती बदलते, याच्या आलेखावरून) रिअॅक्टिव्हिटीत बदलावा.

पूर्ण शक्तीवरच्या नोंदीवरून थेट झेनॉन काढायचा मोह टाळावा. ट्रिगाच्या इंधनाचा तापमान-परिणाम मोठा आणि तत्काळ असतो. पहिल्या तासातली दांड्याची हालचाल बहुतेक त्याचीच. म्हणून तुलना दोन्ही सकाळींच्या कमी शक्तीच्या नोंदींची, टाकी त्याच तापमानाला आणून. टाकी रात्रीतून निवत नसेल तर तिचा तापमान-गुणांक आधी वेगळा मोजून दुरुस्ती करावी. आणि अंशांकन-वक्र सोमवारचाच वापरावा. मंगळवारी भट्टी झेनॉनने भारलेली असताना दांडे नव्याने अंशांकित करायला गेलात, तर मोजमाप चालू असतानाच झेनॉन बदलत राहते.

नोंदवहीत एक स्तंभ ‘मागील ७२ तासांतील शक्ती’ असा छापून घ्यावा. भट्टीची आत्ताची अवस्था आत्ताच्या शक्तीवरून कळत नाही, हे चालकाच्या हातात मुरायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. २६ एप्रिल १९८६च्या रात्री चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीत शक्ती ३० मेगावॅटपर्यंत कोसळली आणि ती कशीबशी २०० मेगावॅटवर आणून धरण्यासाठी दांडे एकामागून एक बाहेर काढले गेले, तेव्हा दांड्यांच्या विरोधात उभे राहिलेले विष त्याआधीच्या चोवीस तासांत कमी केलेल्या शक्तीचे होते. अपघाताची कारणे अनेक आणि आराखड्यातले दोष त्यांत प्रमुख. पण त्या वेळच्या शक्तिदर्शकावर आदल्या दिवसाचा मागमूस नव्हता.